अंगठाभर कुंकू

माझ्या थोरल्या बहिणीनं, हिराक्कानं, आणि मी मिळून केलेलं शेवटचं साधं काम म्हणजे डाळिंब्या सोलणं. मधी पितळी परात, ती ओट्याच्या खांबाला पाठ लावून पाय लांब सोडून बसलेली, मी समोर उकिडवा. तान्हूआत्यानं कडवे वाल भिजवून फडक्यात बांधून ठेवले होते, त्यांना नखाएवढे मोड आले होते. कोमट पाण्यात टाकले की त्यांचं साल सैल होतं आणि एक कच्चा, उग्र वास सुटतो. तो वास आजही नाकात गेला की मी असेन तिथं थांबतो. मला सगळ्या कामाची घाई. मी डाळिंबी दाबायचो आणि तिच्या दोन फाकी व्हायच्या. हिराक्काच्या बोटांतून ती अख्खी, मोडासकट सुटून परातीत पडायची.

"आरं दाबतुयास कशाला?" ती म्हणाली. "नुसतं बोट लाव. ती आपली आपण भाईर येती."

"येत न्हाई माझी."

"तुझ्या हातात काय टिकंल का रं सदू? उरवड्याची आली की तिलाबी आशीच मोडशील."

"गप बस अक्के."

"म्या बसंन गप. ह्ये पोटातलं बसतंय का बघ." आणि तिनं एक ओलं साल माझ्या नाकावर उडवलं.

ती माझ्याहून चार वर्षांनी मोठी, तेव्हा सातव्या महिन्यातली. कपाळ कोरं. लहानपणी गोंदणारणीकडून भुवयांच्या मधी गोंदून घेतलेला हिरवा ठिपका तेवढा होता. त्याच्यावरून ती स्वतःच चेष्टा करायची, की मिशनच्या मास्तरांनी बाप्तिस्म्याचं पाणी घातलं, सगळं धुऊन निघालं म्हणाले, पण आयनं गोंदवलेला ठिपका काय हलला न्हाई. त्या सकाळी ऊन ओट्याच्या कडेपर्यंत आलं होतं, आत आय तांदूळ निवडत होती, गोठ्यात कालवड हंबरत होती. दुपारी हिराक्काची ओटी भरायची होती आणि त्या जेवणासाठीच या डाळिंब्या होत्या. संध्याकाळ झाली तेव्हा ती आमच्या घरात नव्हती. पुन्हा कधीच नव्हती.

माझी शाळा चौथीपर्यंत. लिहिणं हे माझं काम नाही, हे मला कळतं. पण मागल्या पावसाळ्यात आमची मंडळी गेली. आमच्यात बायकोला मंडळी म्हणतात, नाव घेत नाहीत. पण आता ती ऐकायला नाही म्हणून लिहितो, यशोदा तिचं नाव, उरवड्याची. बायकांनी तिला न्हाऊ घातलं, हिरवं लुगडं नेसवलं आणि कपाळभर कुंकू माखलं. सगळ्या म्हणाल्या, नशिबाची, सवाष्ण गेली. मी बघितलं आणि तोंड फिरवलं. लोकांना वाटलं म्हातारा रडतोय. रडत होतोच, पण कपाळावर दाबलेला तो अंगठा बघून मला दुसरंच कपाळ दिसलं होतं. दहाव्याच्या जेवणाला नातू शेजारी बसला होता. तो हिंजवडीत कंपनीत आहे. सांगत होता की त्यांच्यातल्या एका ख्रिश्चन पोरानं सत्यनारायणाचा प्रसाद घेतला नाही. "आबा, त्यांचा धर्म लई कडक असतो. दुसऱ्याचं काही चालत नाही त्यांना. आपलं तसं नाही." मी "व्हय" म्हणालो. ते व्हय घशाखाली उतरलं नाही, म्हणून ही वही.

आमचं घर घोटावड्याच्या पुढं, डोंगराच्या अंगाला. भाताची चार खाचरं, त्यांतच भात निघाल्यावर वाल. घरात बा, आय, मी आणि बाची बहीण तान्हूआत्या. आत्या बारा वर्षांची असताना तिचा नवरा गेला. तिला त्याचं तोंडही आठवत नव्हतं. तेव्हापासून ती आमच्याकडं, विधवेचं लाल आलवण नेसून. घरातलं सगळं काम तिच्या हातचं. वाल भिजवायचे तिनं, शेण काढायचं तिनं, मला न्हाऊ घातलं तिनंच. पण कुणाची ओटी भरायची असली, हळद लागायची असली, की ती आपली आपण परसात जाऊन बसायची. तिला कुणी जा म्हणायचंही नाही. चांगल्या कामाला निघालेल्या माणसाच्या समोर ती येऊ नये म्हणून ती आधी खोकायची आणि आडोशाला व्हायची. तो खोकला आमच्या घरातला रोजचा आवाज होता. मला त्यात काही वावगं कधी वाटलं नाही. ते घरातल्या उखळासारखं होतं, नेहमीचं.

हिराक्काला पंधराव्या वर्षी दिली होती. दोन वर्षांत तिला छातीचं दुखणं लागलं, खोकल्यातून रगत पडायला लागलं. सासरच्यांनी गाडीत घालून आणली आणि अंगणात बोचक्यासकट उतरवून गाडी वळवली. पुढं त्यांनी दुसरी केली आणि पंचांपुढं हिची सोडचिठ्ठीही करून टाकली. आम्ही काय केलं ते लिहायला जड जातं, पण लिहितो. आम्ही तिला गोठ्यात ठेवलं. चार महिने. आय लांबून भाकरी सरकवायची. देवऋषी झाला, अंगारे झाले, कोंबडं झालं. शेवटी आयनंच हट्ट धरला आणि तिला मिशनच्या दवाखान्यात नेऊन टाकलं. तिथं ती सव्वा वर्ष राहिली. सुया टोचल्या, दूध-अंडी दिली, आणि ती बरी झाली. लिहायला-वाचायला शिकली, तिथंच आयाचं काम करायला लागली आणि तिथल्याच योहान नावाच्या, जखमा बांधणाऱ्या ड्रेसरशी लग्न लावून मोकळी झाली. चर्चात.

गावात एकच शब्द झाला, बाटली. सगळे धर्माचं नाव घ्यायचे. पण खरं सांगतो, आत्ता कुणाला भ्यायचं? योहानचा आजा आमच्याच बाजूच्या एका गावातल्या वेशीबाहेरचा होता. त्याचं दुखणं जास्त होतं. येशूचं तेवढं नव्हतं. एखाद्या गोऱ्या साहेबाशी तिनं लग्न लावलं असतं तर बानं कदाचित त्याला बघायला चार माणसं गोळा केली असती.

बानं दोन वर्षं तिचं नाव काढलं नाही. मग पोटुशी असल्याचा निरोप आला, आणि आय जेवायची थांबली. पहिलं बाळंतपण माहेरीच व्हायला पाहिजे, एवढंच तिचं म्हणणं. तिसऱ्या दिवशी बा म्हणाला, "आण जा." योहान तिला वेशीपर्यंत सोडायला आला, तिथं त्यानं तिचं बोचकं माझ्या हातात दिलं आणि मागं फिरला. कुणी ये म्हणालं नाही. मीही नाही. त्याच्या वहाणा चांगल्या होत्या एवढं मला आठवतं.

हिराक्काला पडवीत जागा दिली. ताट वेगळं, तांब्या वेगळा. ते तिनं पाहिलं आणि हसली. म्हणाली, "सदू, तितं ती मडमबाई माझं थुंकीचं भांडं आपल्या हातानं धुवायची. आन् हितं मी बरी होऊन आले तर माझी वाटी येगळी." मी म्हणालो, "रीत हाय अक्के." ती म्हणाली, "व्हय, म्हाईत हाय."

त्याच सुमारास माझं लग्न ठरत होतं. उरवड्याच्या यात्रेत मी यशोदेला पाहिली होती. उजव्या भुवईवर लहानपणी पडलेल्या खोकेचा डाग, आणि हसताना तिथं हात न्यायची सवय. एवढ्यावर माझी झोप गेली होती. बोलणी झाली, सुपारी फोडायचा दिवस ठरला, आणि मधल्या माणसाकडून निरोप आला: घरात बाटलेली बसलीये म्हणं, आदी ते निस्तरा, मग सुपारी. आमच्या भावकीतले थोरले बाजीनाना म्हणाले की सोपं आहे. सातव्या महिन्याची ओटी चार बायकांसमोर भरा, पोरीनं कुंकू लावून घेऊ दे, भैरोबाचा अंगारा लावू दे, की झाली आपल्यातली. मग बाळंतपणाला राहू दे. नाहीतर पोरगी वेशीबाहेर, आणि ठेवून घेतली तर तुमचं घर वाळीत. ओटीचा दिवस त्यांनी सुपारीच्या आदल्या दिवशीच धरला, आणि मधल्याच्या बायकोला मुद्दाम बोलावलं, म्हणजे तिनं डोळ्यांनी बघून उरवड्याला सांगावं.

हे ठरलं त्याच्या दुसऱ्या दिवशी मिशनचे शमुवेल मास्तर सायकलवर आले. हे त्यांच्यात उपदेश करायचे. योहाननं हिराक्कासाठी ताकदीच्या औषधाची बाटली पाठवली होती. मास्तर अंगणात सायकल धरून उभे. ओट्यावर बा, नाना आणि भावकीतले आणखी दोघं. बसा कुणी म्हणालं नाही. मास्तरांनी हिराक्काला तिथूनच हाक मारून सांगितलं, "हिराबाई, ओटीचं कानावर आलंय. कुंकू, अंगारा, देवाचा नारळ, यातलं काही घेतलं तर मंडळीतून तुमचं नाव निघेल. आणि योहानच्या कामाचंही मग मला सांगता येणार नाही."

"मंडळीतनं?" नाना म्हणाले. "कुनाच्या मंडळीतनं वो? योहानाची मंडळी तर हीच की!"

ओटा हसला. दारात उभी हिराक्काही पदर तोंडाला लावून हसली. मास्तर हसले नाहीत. म्हणाले, "आमच्यात देवाला मानणाऱ्या सगळ्यांची मिळून मंडळी असते."

"आसंल. पर मास्तर, येक इचारतो, राग नगा मानू. तुमचा देव येवढा जळका कसा?"

"जळका म्हणजे?"

"म्हंजे दुसऱ्या देवाचं तोंड बघू देत न्हाई. आमचं बघा. आमी भैरोबाला नारळ फोडतो, पिराला मलिदा न्हेतो, ताबूत निघालं की आमचीच पोरं म्होरं नाचत्यात. उद्या तुमच्या येशूची तसबीर द्या, देव्हाऱ्यात बसवतो. दोन फुलं त्येलाबी. आमाला काय जड हाय? आन् तुमी पोरीला कुंकवाचं बोट लागू देत न्हाई. आता कडक कोन, तुमीच सांगा."

मला ते शंभर टक्के पटलं. कुणालाही पटेल. मास्तर जरा वेळ सायकलीच्या घंटीवर अंगठा फिरवत उभे राहिले. मग म्हणाले, "नाना, तसबीर बसवाल तुम्ही. तुमच्या देव्हाऱ्यात माझ्या देवाला जागा आहे, खरंय. मी सकाळपासून उन्हातून सायकल मारतोय. मला तांब्याभर पाणी द्याल?"

कुणी हललं नाही. नाना दुसरीकडं बघायला लागले. बा पायाच्या अंगठ्यानं ओट्याचं शेण उकरत होता. मीही उठलो नाही. आतून तान्हूआत्या आली, तांब्या घेऊन अंगणात उतरली. मास्तरांनी सायकल तुळशीच्या कट्ट्याला टेकवायला नेली, मग काय वाटलं कुणास ठाऊक, तशीच कमरेला टेकवून दोन्ही हातांची ओंजळ केली. आत्यानं वरून धार धरली. तांब्या हाताला लागू न देता. आमच्या घरातलं सगळ्यात मायेचं माणूस, त्याचीही माया तेवढ्या उंचीवरून. मास्तर प्यायले, तोंड पुसलं.

आत्या तिथंच उभी राहिली. म्हणाली, "मास्तर, तुमच्यात माझ्यासारखीला काय करत्यात?"

"तुमच्यासारखी म्हणजे?"

"पांढऱ्या कपाळाची."

"आमच्यात कुणीच कुंकू लावत नाही, आत्याबाई. नवरा असला तरी नाही, नसला तरी नाही."

आत्यानं जरा विचार केला. "म्हंजे चार बायका बसल्या तर नुसतं बघून कळतच न्हाई, सवाष्ण कोन आन् रांडाव कोन?"

"नाही कळत."

"आगं बया," आत्या म्हणाली, "मग ह्ये काय वंगाळ न्हाई."

"तान्हे, आत हो!" बा ओरडला. ती गेली. खोकत गेली, तिच्या सवयीनं.

हिराक्कानं रात्रंदिवस विचार केला असणार. तिनं आयला गाठून एक वाट काढली. मी पडवीच्या भिंतीआड बैलाचं दावं वळत होतो, मला ऐकू आलं. "आये, तांदूळ घेते, नारळ घेते, खण घेते. ते माहेरचं हाय, देवाचं न्हवं. देवळात येत न्हाई. आन् कुंकू लावू नगंस." आय रडायला लागली, की कुंकवाबिगर ओटी कशी भरू, तुझ्या नवऱ्याच्या जिवावर मीच कशी उठू. मग आयच म्हणाली, "कुंकवाच्या कुयरीत बोट घातल्यागत करीन. कोरडंच टेकवीन तुझ्या गोंदणावर. लांबून कुनाला कळतंय? हिरवं का लाल, आत अंधारच असतुया." दोघी हसल्या. मायलेकी चोरून गूळ खाताना हसाव्यात तशा. मी ते मनात ठेवलं. कुणाला सांगितलं नाही. तेवढं तरी केलं.

तर त्या दुपारी ओटी. डाळिंब्या सोलून पाण्यात घालून ठेवल्या होत्या, जेवण ओटीनंतर शिजायचं होतं. मधल्या घरात पाट मांडला, बायका जमल्या. आत्या परसात. मी नारळ आणि पाण्याची कळशी आणून देत होतो, म्हणून दाराशी. हिराक्का हिरव्या लुगड्यात पाटावर बसली. तिचं तोंड उजळलं होतं. लहानपणी भातलावणीला चिखलात उतरताना व्हायचं, तसं. आयनं हळद लावल्यागत केलं, कुयरी उघडली, बोट आत नेल्यागत केलं आणि हिराक्काच्या कपाळावर टेकवलं. बोट काढलं. हिरवा ठिपका तसाच. आय घाईघाईनं तांदूळ ओंजळीत घ्यायला लागली.

"थांब गं," नानी म्हणाली. ही बाजीनानांची बायको, नजर घारीची. "बोट दाव."

आयनं हात मागं घेतला.

"कोरडं हाय! आगं बया, पोरीला कोरडं बोट लावलं हिनं!"

मग जे सुरू झालं ते काय सांगायचं. कुणी म्हणालं, नवऱ्याला जिता मारला. कुणी म्हणालं, देवाला फसवती. मधल्याची बायको पदर सावरून उठली, चपला शोधायला लागली आणि म्हणाली, "मला उरवड्याला काय सांगायचं ते कळलं." तिचा पाय उंबऱ्यात होता. मी बाजूला उभा होतो. मला यशोदेच्या भुवईवरचा डाग दिसला. एवढंच. धर्म नाही, भैरोबा नाही, गावाची रीत नाही, मला एक पोरगी पाहिजे होती आणि ती उंबऱ्यातून निघून चालली होती. मी आत गेलो. बाप्या माणसानं ओटीच्या पाटाशी जायचं नसतं. गेलो. कुयरी उचलली, अंगठा बुडवला, डाव्या हातानं हिराक्काचं डोकं मागून धरलं आणि अंगठा तिच्या कपाळावर दाबला. तिनं मान ओढली. मी आणखी दाबला. कुंकू नाकावर सांडलं, डोळ्यात गेलं. हिरवा ठिपका दिसेनासा झाला.

ती ओरडली नाही. एका डोळ्यानं माझ्याकडं बघितलं, दुसरा मिटलेला. नानी म्हणाली, "शाब्बास सदू! भाऊ असावा तर असा." मधल्याची बायको चपला काढून परत आत आली. आयनं तांदूळ घातले, नारळ घातला, खण घातला. निम्मे तांदूळ जमिनीवर सांडले.

बायका गेल्यावर मी पडवीत गेलो. हिराक्का बोचकं बांधत होती. ओटीचा नारळ आणि खण बाजूला काढून ठेवलेले. कुंकू तसंच होतं, घामानं ओघळलेलं.

"सदू," ती म्हणाली, "पूस."

"काय?"

"ह्ये पूस. तू लावलंस, तूच पूस."

"भावानं भनीचं कुंकू पुसत्यात व्हय?"

"आन् लावत्यात व्हय?"

ती म्हणाली, "मला पुसवंना रं. मास्तर म्हंत्यात, त्यात काय न्हाई, नुसती पूड हाय. मलाबी ते पटलंया. पर हात वर न्हेला की योहानाचं तोंड म्होरं येतंया. आन् आसंच कपाळ घिऊन तितं जाता येत न्हाई. पूस की. तुझ्या पाया पडते."

मी हललो नाही. मला भीती वाटली, खरंच वाटली, की मी पुसलं आणि योहान मेला तर. तासाभरापूर्वी ज्याचं मला काही देणंघेणं नव्हतं त्या माणसाच्या जिवाची भीती. आम्ही दोघं बहीणभाऊ त्या चिमूटभर पुडीसमोर तसेच उभे. तेवढ्यात परसातून तान्हूआत्या आली. खोकली नाही. पदराचा शेव पाण्यात बुडवला, हिराक्काची हनुवटी धरली आणि सगळं पुसलं. कपाळ, नाक, डोळ्याची कड. सावकाश, पोराचं तोंड पुसतात तसं. "माझ्या हातानं आता कुनाचं काय व्हायाचं ऱ्हायलंय?" म्हणाली. ठिपका पुन्हा दिसला, आजूबाजूची कातडी तांबडी.

दोघी निघाल्या तेव्हा ऊन डोंगरावर होतं. आय चुलीपुढं भिंतीकडं तोंड करून बसलेली, बा खाचरात. मी बैलांना पाणी पाजायला गेलो. तहानलेले नव्हते, तरी गेलो. दिवेलागणीला आत्या एकटी परत आली. म्हणाली, "यस्टीत बसली. ड्रायव्हरनं म्होरं जागा दिली." एवढंच.

पुढचं मला कित्येक वर्षांनी कळलं. पौडच्या स्टँडवर योहान भेटला. मी ओळखला नाही, त्यानं ओळखलं. हिराक्कानं मिशनात जाऊन आपलं आपणच सांगितलं होतं की कपाळाला कुंकू लागलं. कुणी लावलं ते सांगितलं नाही. त्यांच्यात देवाच्या जेवणाला भाकरीचा तुकडा देतात, तो तिला तीन महिने दिला नाही. मग सगळ्या मंडळीपुढं उभं राहून तिनं माफी मागितली, जे तिनं केलंच नव्हतं त्याची. बाळंतीण होऊन महिना झालेला, पोर काखेत. मी योहानला म्हणालो, "लई कडक तुमची मानसं." तो म्हणाला, "व्हय, कडकच." मग म्हणाला, "पर त्या दिशी तिला तुकडा दिला. आन् मग सगळ्या बाया तिच्याभोवती बसून जेवल्या." पोरीचं नाव विचारलं. कागदावर मार्था, घरात तान्ही. हिराक्का कशी आहे, हे मी सगळ्यात शेवटी विचारलं. तिला जाऊन वर्ष झालं होतं. जुनं दुखणं उलटलं होतं. माझी गाडी लागली आणि मी त्यात चढलो.

तर नातवाला मला हे सांगायचं होतं. ते कडक होते, तू म्हणतोस ते खोटं नाही. एका निष्पाप पोटुशीला त्यांनी तीन महिने बाहेर बसवलं, आणि मास्तरांनी नोकरीची भीती घातली तीही वाईटच. पण तीन महिने म्हणजे तीन महिने. आमच्या घरात तिचं वेगळं ताट पडवीच्या फळीवर होतं, ते आय असेपर्यंत तिथंच पालथं होतं, आणि त्या ताटात पुन्हा कुणी तिला वाढलं नाही. नाना म्हणाले तसं आम्हाला कुठलाही देव चालतो. मी अजूनही पिराला मलिदा नेतो. देवाचं आम्ही कधीच वाईट वाटून घेतलं नाही. तांब्याभर पाणी मागणारा देव नव्हता, माणूस होता, तिथं आमची दातखीळ बसली. दोन्हींतलं जास्त वाईट कोणतं ते शिकलेल्यांनी ठरवावं. मला एवढं ठाऊक आहे की तो अंगठा कुठल्या धर्माचा नव्हता. माझा होता.

यशोदेला हे मी जन्मात एकदाच सांगितलं, ती आजारी पडल्यावर. वाटलं होतं, ती म्हणेल जाऊ द्या. ती बराच वेळ वाशांकडं बघत पडली. मग म्हणाली, "माझ्यापायी केलं आसं म्हनू नगा. म्या न्हवतं सांगितलं." आणि कूस बदलली. दुसऱ्या दिवशी रोजच्यासारखी बोलली, पण ते वाक्य काही मागं घेतलं नाही. घ्यायला नकोच होतं.

आता ओटीच्या दुसऱ्या दिवशीच्या सकाळचं लिहितो, म्हणजे संपलं. सकाळी न्हावी आला, मी दाढी केली. धुतलेलं धोतर, नवी टोपी. अंगठा दोनदा राखेनं घासला तरी नखाच्या कडेला तांबडं राहिलं होतं. आय उठली नव्हती. आत्यानंच चूल पेटवून डाळिंब्या शिजवल्या होत्या, आमसूल घालून, वर खोबरं. ओटीतला नारळ हिराक्का ठेवून गेली होती, तोच फोडला होता. आत्यानं ताट माझ्यापुढं ठेवलं आणि चांगल्या कामाला निघालेल्या माणसासमोर नको म्हणून खोकून आडोशाला झाली. मी भाकरी मोडली. उसळीत काही डाळिंब्या अख्ख्या होत्या, मोडासकट, काही फुटलेल्या. फुटलेल्या माझ्या. मी सगळ्या खाल्ल्या. आणखी मागून घेतल्या. मग हात धुतला, गाडी जुंपली आणि उरवड्याला सुपारी फोडायला गेलो.